घुमटातली कुजबुज

विजापूरच्या गोलघुमटाविषयीच्या प्रवासलेखनात प्रतिध्वनींची मोजदाद हमखास येते. कुणाला सात ऐकू येतात, कुणाला दहा. या मोजणीत दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ होते.

घुमटाचा आतला व्यास सुमारे ३८ मीटर. सज्जात टाळी वाजवली की तिचा नाद समोरच्या भिंतीवर आदळून, ७६ मीटरांचा फेरा करून परततो. त्याला सेकंदाचा जेमतेम पाचवा भाग लागतो, पण तेवढ्या अंतराने आलेले आवाज कानाला सुटे कळतात. हा झाला प्रतिध्वनी. कुजबुज मात्र वक्र भिंतीला बिलगून सरकते. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमधल्या अशाच सज्जाचा उलगडा लॉर्ड रॅले यांनी याच रीतीने केला. मोकळ्या जागेत आवाज चहूकडे पसरून लवकर क्षीण होतो. भिंतीलगत तो पुष्कळ सावकाश विरतो.

म्हणून ‘ध्वनिशास्त्राचा चमत्कार’ हे कौतुक मला ढोबळ वाटते. ही मुहम्मद आदिलशहाची कबर आहे. इथे व्याख्यान ठेवले, तर आधीचा शब्द विरण्यापूर्वी पुढचा त्यावर चढेल आणि श्रोत्यांच्या हाती नुसता घुमारा उरेल. सभागृहातला दोष कबरीत गांभीर्य ठरतो. वास्तूतला नाद तिच्या प्रयोजनासह ऐकावा लागतो.

आज सज्जातल्या आरोळ्यांत कुजबुज बुडून जाते. दगड-चुना जपला जातो, नाद जपायचे मात्र कुणाच्या मनात येत नाही. पुरातत्त्व खात्याने रोज एक तास शांततेसाठी राखला, तरी ही वास्तू पुन्हा ऐकू येईल.