काचेतलं तांबं

काशीचं तांबं मराठी घरात ओळखीचं आहे ते देवघरातल्या गंगेच्या गडूमुळे. तोंड झाळून बंद केलेला, वर्षानुवर्षं न उघडलेला. दूधविनायक, ब्रह्माघाट, दुर्गाघाट या भागांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या मराठी कुटुंबांना तर ठठेरी बाजार जवळचाच. पण या शहरात तांबं आणखी एका ठिकाणी भेटतं: ज्योतीवर वळलेल्या बनारसी काचमण्यांत. निळसर-हिरवा मणी पाहिला की त्यात तांबं असण्याचा संभव मोठा.

मला मात्र आस्वाद घ्यायचाय तो त्याच्या बिनरंगी भावंडाचा. काचेत तांबं आहे, पण दिवसाउजेडी ती साधी, पाण्यासारखी. तिच्यावर २५० ते ३०० नॅनोमीटरचा जंबुपार प्रकाश टाकला की ती निळसर-हिरवी उजळते. ही संदीप्ती, तापवल्यामुळे आलेला उजेड नव्हे. किमया सगळी एका इलेक्ट्रॉनची. तांब्याने एकच इलेक्ट्रॉन गमावला, म्हणजे एकेरी आयन झाला, तर त्याचं ३डी कवच दहा इलेक्ट्रॉनांनी भरलेलं राहतं, दृश्य प्रकाशाशी त्याला देणंघेणं उरत नाही. आणखी एक गेला, म्हणजे दुहेरी आयन झाला, की ८०० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषला जातो, काच निळी दिसते, आणि घेतलेली ऊर्जा काचेच्या कंपनांत मुरून जाते. रंग मिळतो, तेज जातं.

एकेरी आयनाचा वर्णपट निवांत वाचावा असा आहे. युरोपियम किंवा टर्बियम घातलेल्या काचेतून अरुंद, टोकदार रेषा येतात, तबल्याच्या सुट्या बोलांसारख्या. तांब्याची मात्र मींड: शंभराहून अधिक नॅनोमीटर पसरलेला एकच रुंद उंचवटा. टोकदार रेषा मोजायला सोप्या, म्हणून त्यांचं कौतुक जास्त होतं. मला हा उंचवटा अधिक बोलका वाटतो. युरोपियम-टर्बियमसारख्या दुर्मिळ मृदांचे ४एफ इलेक्ट्रॉन बाहेरच्या कवचांच्या आडोशाला असतात, शेजारी कोण आहे याची त्यांना फारशी झळ लागत नाही. तांब्याचा उत्तेजित इलेक्ट्रॉन ४एस कक्षेत जातो, म्हणजे थेट शेजारच्या ऑक्सिजनांच्या अंगणात. काचेत तर प्रत्येक आयनाचा शेजार निराळा. कुठे ऑक्सिजन जवळ, कुठे लांब, कुठे कललेला. उंचवट्याच्या रुंदीत ही सगळी अव्यवस्था नोंदली जाते. उजेड विझण्याचा वेगही म्हणूनच सगळीकडे सारखा नसतो. शिवाय हा उजेड रेंगाळतो: परतीच्या वाटेवर इलेक्ट्रॉनला फिरकीची दिशा बदलावी लागते, त्यामुळे नॅनोसेकंदांचं काम मायक्रोसेकंदांवर जातं.

कारागिरी आहे ती भट्टीत. ऑक्सिजन मुबलक असेल तर दुहेरी आयन वाढतात, म्हणून कोळसा किंवा कथिलाचं ऑक्साइड घालून तांब्याला आवरावं लागतं. हात जरा जड पडला की तांबं पुन्हा धातू होतं, नॅनोमीटरच्या मापाच्या कणांत गोळा होतं आणि काच माणकासारखी लाल होते. उत्खननांत सापडणाऱ्या अपारदर्शक लाल मण्यांमागे बहुतेकदा तांब्याचीच करामत असते. मोरेश्वर गंगाधर दीक्षितांनी १९६९ च्या ‘हिस्टरी ऑफ इंडियन ग्लास’मध्ये आपल्याकडच्या जुन्या काचेचा सविस्तर मागोवा घेतला आहे. बिनरंगी काचेत तांब्याचं प्रमाण नुसतं वाढवूनही तेज वाढत नाही. आयन जोडीने बसू लागतात, निळसर-हिरवा उजेड पिवळ्या-नारिंगीकडे सरकतो.

दुहेरी आयनावर मात्र मघाशी थोडा अन्याय झाला. त्याचा अबोलपणा बऱ्याच अंशी काचेतल्या शेजारामुळे आहे. ‘ईजिप्शियन ब्लू’ या प्राचीन निळ्या रंगद्रव्यात हाच आयन कॅल्शियम-तांबे सिलिकेटच्या शिस्तबद्ध स्फटिकात बसतो, आणि तिथे दृश्य प्रकाश पडताच ९१० नॅनोमीटरच्या आसपास अवरक्त उजेड देतो. डोळ्यांना तो दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. मूर्तींवर रंगाचे पुसट कण उरलेत का, हे संग्रहालयांतले अभ्यासक त्यावरूनच तपासतात.