दिवाणखान्यातील रेडिओ आणि उत्तरेचे मौन
('हाफ ऑफ अ यलो सन' : एक चिकित्सा)

चिमामांडा न्गोझी अदिची यांची 'हाफ ऑफ अ यलो सन' ही इंग्रजी कादंबरी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. लेखिकेचा जन्म १९७७ चा, म्हणजे बियाफ्राचे युद्ध संपल्यानंतर सात वर्षांनी. साहजिकच हे लेखन स्वानुभवाचे नसून वारशाने आलेल्या आठवणींचे आहे.

१५ जानेवारी १९६६ रोजी नायजेरियातील काही तरुण मेजरांनी उठाव केला. पंतप्रधान अबूबकर तफावा बालेवा व उत्तर प्रांताचे प्रमुख अहमदू बेल्लो मारले गेले. उठाव करणाऱ्यांत इग्बो अधिकारी बहुसंख्य असल्याने उत्तरेत तो 'इग्बोंचा उठाव' ठरला. जुलैत प्रतिउठाव झाला. त्या वर्षी उत्तरेत इग्बोंच्या कत्तली झाल्या. ३० मे १९६७ रोजी बियाफ्राने स्वातंत्र्य जाहीर केले आणि जानेवारी १९७० पर्यंत यादवी चालली.

कादंबरीत उठावाची बातमी न्सुक्का येथील प्राध्यापक ओडेनिग्बो यांच्या दिवाणखान्यात रेडिओवरून येते. भ्रष्ट राजवट गेली म्हणून सुशिक्षित मंडळी आनंदतात. मारले गेलेले नेते दुसऱ्या कुणाचे तरी आपले होते, हे त्या आनंदात दिसेनासे होते. बुद्धिजीवींचा हा आंधळेपणा अदिची यांनी अचूक टिपला आहे.

मात्र खुद्द कादंबरीही त्या दिवाणखान्याच्या फारशी बाहेर पडत नाही. कथन उग्वू, ओलाना व रिचर्ड या तिघांच्याच नजरेतून होते आणि तिघांचीही नाळ इग्बो बाजूशी जुळलेली आहे. कानोतील संहार अंगावर येतो. पण बेल्लो यांच्या हत्येने तिथल्या सामान्य हौसा माणसाचे काय झाले, ते कळत नाही. ओलानाला वाचवणारा मोहम्मद हा अपवाद. फाळणीच्या कथांतील 'भल्या शेजाऱ्या'प्रमाणे तो माणुसकीची साक्ष देतो, परंतु त्याच्या समाजाच्या रागाची उकल करत नाही.

तरीही कादंबरीला एकतर्फी म्हणणे अन्यायाचे होईल. सक्तीने सैन्यात ओढला गेलेला उग्वू एका मुलीवरील सामूहिक अत्याचारात सामील होतो आणि कादंबरीत अधूनमधून येणारा युद्धेतिहास त्याच्याच हातचा असल्याचे अखेरीस उघड होते. इतिहास लिहिणारा हात निष्कलंक नाही, ही कबुली या कृतीचे सर्वांत मोठे बळ आहे.

वर्गात ही कादंबरी शिकवताना उठावाच्या प्रसंगापाशी थांबावे आणि विद्यार्थ्यांना एवढेच विचारावे : त्या खोलीत कोण नव्हते?