लघुजलविद्युत् : ‘लघु’ या विशेषणाची चिकित्सा

दुर्गम पहाडी प्रदेशांतील वीजपुरवठ्याविषयीच्या लेखनात ‘लघु’ आणि ‘शाश्वत’ ही दोन विशेषणे नेहमी जोडीने येतात. त्यामुळे पहिले सिद्ध झाले की दुसरे आपोआप सिद्ध होते, असा समज रूढ झाला आहे. हा समज तपासून पाहणे अगत्याचे आहे.

भारतात २५ मेगावॅटपर्यंतचे जलविद्युत् केंद्र लघु मानले जाते. दार्जिलिंगजवळ सिद्रापोंग येथे १८९७ मध्ये सुरू झालेले देशातील पहिले केंद्र १३० किलोवॅटचे होते. म्हणजे त्याच्या सुमारे १९० पट मोठे केंद्रही आज ‘लघु’च ठरते.

तथापि मुख्य दोष मर्यादेत नसून मापाच्या निवडीत आहे. जलशक्ती ही प्रवाह आणि पतनाची उंची यांच्या गुणाकारावर अवलंबून असते. हिमालयाच्या तीव्र उतारावर थोड्या प्रवाहातूनही पुष्कळ वीज मिळते. परंतु ती उंची साधण्यासाठी पाणी कालव्यातून वा बोगद्यातून दूरवर न्यावे लागते. मधले पात्र आटते आणि त्यावर अवलंबून असलेले शेतीचे पाट व घराट नावाच्या पाणचक्क्या संकटात येतात. मेगावॅटच्या आकड्यात यांपैकी कशाचीही नोंद नसते. असे असूनही २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेने २५ मेगावॅटहून लहान जलविद्युत् प्रकल्पांना पूर्वमंजुरीच्या कक्षेबाहेर ठेवले.

खरोखर लहान असलेल्या केंद्रांची अडचण निराळी आहे. नेपाळातील गावोगावच्या, १०० किलोवॅटपर्यंतच्या केंद्रांवर सायंकाळी दिव्यांचा भार असतो. दिवसा मात्र विजेला पुरेसे काम नसते. साहजिकच उत्पन्न तुटपुंजे राहते आणि दुरुस्तीस पैसा उरत नाही. त्यात राष्ट्रीय वीजजाळे गावात पोहोचले की ग्राहक तिकडे वळतात आणि गावाने श्रमाने उभारलेले केंद्र ओस पडण्याचा धोका उद्भवतो. नुवाकोट जिल्ह्यातील स्यौरेभूमी येथील २३ किलोवॅटचे केंद्र २०१८ मध्ये या जाळ्यास जोडण्यात आले, त्याचे महत्त्व येथेच आहे. शिल्लक वीज विकता आली, तर जाळ्याचे आगमन हा केंद्राचा अंत ठरत नाही.

सारांश, शाश्वतता हा आकाराचा गुण नव्हे. पात्रात किती पाणी उरते, दिवसाच्या विजेला कोणते काम मिळते आणि दुरुस्तीचा भार कोण वाहतो, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून ‘लघु’ हे विशेषण केवळ सवलतीचे साधन ठरेल.