सोर्स कोडाचा शोध आणि ‘आढळत नाही’ ह्या उत्तराचे प्रामाण्य

मुक्त सॉफ्टवेअरच्या अभ्यासात अलीकडे एक प्रकारचे विधान वारंवार भेटू लागले आहे. अमुक एक फंक्शन इतक्या ठिकाणी वापरले जाते, किंवा ते आता कोठेही वापरले जात नाही, असे निबंधकार लिहितो आणि आधार म्हणून एखाद्या कोड-शोधसाधनाकडे बोट दाखवितो. ते साधन कशात शोधते, कसे शोधते व काय वगळते ह्याची चौकशी मात्र क्वचितच केलेली असते. ही चौकशी केल्यावाचून अशा विधानांस पुराव्याची प्रतिष्ठा देता येणार नाही, असे आमचे मत आहे.

प्रथम शोधाची रीत पाहू. गूगलने २००६ साली सुरू केलेले ‘कोड सर्च’ जानेवारी २०१२ मध्ये बंद झाले. त्याच महिन्यात त्याचे एक कर्ते रस कॉक्स ह्यांनी त्यामागील पद्धती विशद केली आणि तीवर आधारलेली एक छोटी आज्ञावली सर्वांस खुली केली. पद्धती साधी आहे. प्रत्येक फाइलीतील लगतच्या तीन-तीन बाइटांचे गट काढून कोणता गट कोणत्या फाइलींत आहे ह्याची सूची बांधावयाची. सी भाषेतील ‘स्ट्रकॉपी’ ह्या सहा अक्षरी नावातून ‘एस्‌-टी-आर्‌’, ‘टी-आर्‌-सी’, ‘आर्‌-सी-पी’ आणि ‘सी-पी-वाय्‌’ असे चार गट निघतात. हे चारही जेथे आहेत तेवढ्याच फाइली उघडून त्यांत नावाचा प्रत्यक्ष मेळ घालावयाचा. चारही गट असूनही नाव नसणे शक्य आहे, म्हणून हा दुसरा टप्पा अपरिहार्य ठरतो. परंतु नाव असूनही गट नसणे शक्य नाही. तात्पर्य, सूचीत समाविष्ट असलेल्या फाइलींपुरते हे साधन चुकत नाही. चूक संभवते ती सूचीच्या बाहेर.

ह्या दृष्टीने मिखाएल श्टापेलबर्ग ह्यांनी २०१२ साली, कॉक्स ह्यांच्याच कामावर उभारलेले ‘डेबियन कोड सर्च’ आम्हांस विशेष विचारणीय वाटते. त्याचे क्षेत्र निश्चित आहे : डेबियनच्या ‘अन्‌स्टेबल’ शाखेतील पॅकेजांचा सोर्स कोड. त्यात इतिहास नाही, जुन्या आवृत्त्या नाहीत, कोणाच्या अर्धवट सोडलेल्या प्रयोगांची अडगळही नाही. उलट ‘गिटहब’च्या २०२३ साली सर्वांस खुल्या झालेल्या नव्या शोधयंत्राची व्याप्ती प्रचंड आहे. सूची बांधणाऱ्यांनीच त्या वर्षी दिलेला आकडा सुमारे साडेचार कोटी रेपॉझिटरींचा होता. व्याप्ती मोठी म्हणजे साधन श्रेष्ठ, असा समज विद्यार्थ्यांत दिसतो. तो टिकणारा नाही. त्या यंत्रात फक्त मुख्य शाखा येते. फार मोठ्या फाइली आणि यंत्रनिर्मित कोड वगळला जातो. लॉगिन केल्यावाचून शोधच घेता येत नाही. शिवाय तेथे मिळणारी संख्या वापराची वारंवारता दर्शवीत नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘देजाव्यू’ ह्या अभ्यासात गिटहबवरील ४२ कोटी ८० लाख फाइलींपैकी केवळ साडेआठ कोटी एकमेकींहून भिन्न आढळल्या होत्या. एकाच पोथीच्या पाच नकला मोजून पाच स्वतंत्र साक्षी मिळाल्या असे म्हणणारा संपादक आपल्याकडे कोणी खपवून घेणार नाही. कोडाच्या बाबतीत मात्र ते बिनदिक्कत खपते.

नकला सर्वस्वी निरुपयोगी आहेत असे नव्हे. ‘झेडलिब’सारख्या लायब्ररीचा कोड अनेक पॅकेजांनी आपल्या पोटात उतरवून घेतलेला असतो. तीत सुरक्षेचा दोष सापडला की मूळ लायब्ररी दुरुस्त करून भागत नाही. त्या पोटातल्या प्रती हुडकाव्या लागतात. अशा वेळी तीतील एखादी वैशिष्ट्यपूर्ण ओळ घेऊन डेबियनच्या सूचीत शोधणे हाच सर्वांत खात्रीचा मार्ग होय. येथे उत्तरातील प्रत्येक प्रत महत्त्वाची असते.

तथापि २०२४ सालच्या ‘एक्सझेड’ प्रकरणाने ह्या साधनांची सीमा उघडी केली. ५.६.० आणि ५.६.१ ह्या आवृत्त्यांत दडविलेले चोरदार आंद्रेस फ्रॉइंड ह्यांनी त्या वर्षीच्या मार्चअखेर उजेडात आणले, आणि तेही लॉगिनला लागणाऱ्या किंचित विलंबाचा माग काढीत, शोधसाधनाने नव्हे. त्यातील कळीची एक ‘एम्‌फोर’ फाइल प्रकाशित संचात होती, गिट रेपॉझिटरीत नव्हती. म्हणजे केवळ रेपॉझिटरी धुंडाळणाऱ्यास ‘नाही’ असेच उत्तर मिळाले असते. डेबियनची पॅकेजे प्रकाशित संचावरून बनत असल्याने येथे डेबियनची बाजू सरस ठरते. परंतु मुख्य विष चाचणीसाठी ठेवलेल्या संकुचित द्विमान फाइलींत होते आणि अशा फाइली वाचणे अक्षरगटांच्या सूचीच्या आवाक्यातच नाही.

मराठीच्या अभ्यासकाचा ह्या साऱ्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. मुक्त सॉफ्टवेअरचे मराठी अनुवाद ‘पीओ’ फाइलींत साठविलेले असतात आणि संगणकीय मराठीच्या परिभाषेच्या अभ्यासास ते उत्तम साहित्य आहे. डेबियन कोड सर्चमध्ये एखादा मराठी शब्द टाकून तो मिळाला नाही, म्हणून तो रूढ नाही असा निष्कर्ष काढणे मात्र घातक होय. सूची बांधताना अनुवादांच्या ‘पीओ’ फाइली, परवान्यांचे मजकूर इत्यादी कोडेतर भाग बाहेर ठेवण्याचे तिच्या कर्त्याने ठरविले. कोड शोधणाऱ्याच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच आहे, आणि वगळलेल्यांची यादी साधनाच्या खुल्या आज्ञावलीतच वाचावयास मिळते, हा त्याचा मोठा गुण. गिटहबच्या यंत्राची सूची बांधणारी आज्ञावली अशी वाचावयास मिळत नाही.

मग अभ्यासकाने काय करावे? पॅकेजे उतरवून घेऊन कॉक्स ह्यांच्या आज्ञावलीने स्वतःची सूची बांधावी. तीत दोन अडचणी येतील. देवनागरीचे प्रत्येक वर्णचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचे असते. त्यामुळे रोमन लिपीत तीन अक्षरे पकडणारा गट आपल्याकडे जेमतेम एकच चिन्ह पकडतो आणि चाळणी फार भरड होते. उत्तर अचूक येते, पण संथपणे. दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. ‘दुसऱ्या’ ह्या शब्दातील अर्धा ‘ऱ’ स्वतंत्र ‘ऱ’ला हलन्त जोडून, ‘र’खाली नुक्ता देऊन, अथवा ‘र’, हलन्त व अदृश्य जोडचिन्ह अशा तीन रीतींनी लिहिलेला असू शकतो. डोळ्यांस तिन्ही रूपे सारखीच दिसतात. बाइटांस ती तीन वेगळी वाटतात. युनिकोडचे प्रमाणीकरण पहिल्या दोहोंस एक करते, तिसऱ्यास करीत नाही. म्हणून सूची बांधण्यापूर्वी फाइलींतील तिसरे रूप पहिल्यात बदलून घ्यावे, आणि तसे केल्याची नोंद निबंधात द्यावी.