फाळणीचे स्मृतिलेखन आणि उल्हासनगर : एक चिकित्सा

प्रास्ताविक

१९४७ च्या फाळणीचे साहित्यातील व जनमानसातील चित्र प्रामुख्याने पंजाबने घडविले आहे. प्रेतांनी भरलेल्या आगगाड्या, जळणारी गावे व अपहृत स्त्रिया या प्रतिमांमधून ही राष्ट्रीय शोकांतिका ओळखली जाते. २०२१ मध्ये केंद्र शासनाने १४ ऑगस्ट हा ‘फाळणी वेदना स्मृतिदिन’ म्हणून घोषित केला, तेव्हाही याच प्रतिमा पुढे आल्या. उल्हासनगरच्या सिंधी कुटुंबांतील आठवणी मात्र या चौकटीत सहजासहजी बसत नाहीत. त्या का बसत नाहीत, याचा विचार येथे अभिप्रेत आहे.

सिंधच्या अनुभवाचे वेगळेपण

पंजाब व बंगाल या प्रांतांचे विभाजन झाले. सिंध मात्र अखंडपणे पाकिस्तानात गेला. त्यामुळे सिंधी हिंदूंच्या वाट्याला सीमेपलीकडचा ‘आपला अर्धा प्रांत’ आला नाही. तेथील हिंसाचारही पंजाबच्या तुलनेने मर्यादित होता. ६ जानेवारी १९४८ रोजी कराचीत दंगल उसळली आणि स्थलांतराला वेग आला. असंख्य कुटुंबे जहाजाने मुंबईस उतरली. त्यांपैकी अनेकांची रवानगी कल्याणजवळच्या, दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीत झाली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीस ‘उल्हासनगर’ हे नाव मिळाले. ‘कॅम्प नंबर एक’ ते ‘कॅम्प नंबर पाच’ ही नावे आजही बोलीत टिकून आहेत. पत्ता सांगतानाच तेथील रहिवासी नकळत इतिहास सांगत असतो.

उपलब्ध लेखनाची चिकित्सा

उर्वशी बुटालिया यांच्या ‘द अदर साइड ऑफ सायलेन्स’ (१९९८) या ग्रंथाने मौखिक आठवणींना इतिहासलेखनात प्रतिष्ठा मिळवून दिली. लाहोरला राहून धर्मांतर केलेल्या स्वतःच्या मामाची कथा त्यांनी त्यात मांडली. तथापि या ग्रंथाचा भर पंजाबवर आहे. ही उणीव रीटा कोठारी यांच्या ‘द बर्डन ऑफ रेफ्यूज’ (२००७) या ग्रंथाने गुजरातपुरती, तर नंदिता भवनानी यांच्या ‘द मेकिंग ऑफ एक्झाइल’ (२०१४) या ग्रंथाने अधिक व्यापकपणे भरून काढली. भवनानी यांनी मुलाखतींना कागदपत्रांची जोड दिल्यामुळे आठवण व पुरावा परस्परांना तपासतात, हे त्यांच्या ग्रंथाचे बलस्थान होय. पोपटी हिरानंदानी यांच्या साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त आत्मचरित्रात एका स्त्रीच्या संपूर्ण जीवनप्रवासाचा भाग म्हणून फाळणी येते. त्यामुळे ती केवळ एका तारखेची घटना राहत नाही.

या लेखनाची एक मर्यादा मात्र नोंदविली पाहिजे. आठवणी लिहिणारा वर्ग बहुधा सुशिक्षित आहे. बराकीत पापड लाटून संसार सावरणारी स्त्री किंवा लोकलगाडीत किरकोळ वस्तू विकणारा मुलगा इतरांच्या कथनातून येतो. त्याचे स्वतःचे कथन क्वचितच आढळते. शिवाय अशा व्यक्तीला ‘तुम्ही काय भयंकर पाहिले?’ असा प्रश्न विचारला, तर ‘आमच्याकडे तसे काही घडले नाही’ असे उत्तर येण्याचा संभव असतो, आणि मुलाखत तेथेच संपते. किल्ली कोणाकडे सोपविली, रेशनच्या रांगेत कोण उभे राहिले, सिंधी बोलणे घरात केव्हा थांबले, हे प्रश्न विचारल्यास तीच व्यक्ती बोलती होऊ शकते. म्हणजेच उणीव आठवणींत नसून प्रश्नांत आहे.

लिपी आणि भूमी

दुसरी अडचण लिपीची आहे. सिंधमध्ये शिकलेल्या पिढीची पत्रे, वह्या व हिशेब बहुतांशी अरबी वळणाच्या सिंधी लिपीत आहेत. ही लिपी नातवंडांच्या पिढीतील अनेकांना वाचता येत नाही. घरातील दस्तऐवज घरातच परका होतो आणि पुढे रद्दीत जातो.

तिसरी बाजू मराठी वाचकाच्या अधिक जवळची आहे. अंबरनाथनजीकच्या नेवाळी परिसरात महायुद्धकाळी धावपट्टीसाठी शेतजमिनी घेतल्या गेल्या. त्या परत मिळाव्यात यासाठी जून २०१७ मध्ये शेतकऱ्यांचे तीव्र आंदोलन झाले. एकाच युद्धाने येथील भूमिपुत्राची जमीन नेली आणि पुढे परप्रांतातून आलेल्या निर्वासितास बराक दिली. या दोन स्मृती शेजारी असूनही एकमेकींशी बोलत नाहीत. त्या एकत्र वाचल्याशिवाय उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर या पट्ट्याचा सामाजिक इतिहास पूर्ण होणार नाही.

समारोप

व्यक्तिगत आठवण म्हणजे सिद्ध इतिहास नव्हे. तीत विसर असतो, गतकाळाचे उदात्तीकरण असते व आजच्या राजकारणाची छायाही असते. म्हणूनच ती गौरवाने साठविण्यापेक्षा चिकित्सेने वाचली पाहिजे. १९४७ साली दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीच्या घरात किंवा त्यापलीकडे आहे. या परिसरातील महाविद्यालयांच्या सिंधी, मराठी व इतिहास विभागांनी एकत्र येऊन ध्वनिमुद्रण, लिप्यंतर व भाषांतर हाती घेतले, तरच हे साधन अभ्यासकांना उपलब्ध होईल. स्मृतिदिन दरवर्षी येईल. साक्षीदार मात्र येणार नाहीत.