हंड्याची उंची आणि कलेचे माप

पाणी आणि पर्यावरण हे विषय हाताळणाऱ्या दृश्यकलेवर लिहिताना आपण बहुधा कलावंताची कळकळ मोजतो. नदी मरते आहे, कलावंत व्यथित आहे, म्हणून काम थोर, असा हा हिशेब. कामाची रचना पाण्याशी आणि ते वाहणाऱ्या माणसाशी नेमके काय करते, हा प्रश्न मागेच राहतो. तो दोन कलावंतांच्या कामांना विचारून पाहावा, एवढाच या टिपणाचा हेतू.

पहिले दिल्लीचे अतुल भल्ला. १,३७६ किलोमीटर लांबीच्या यमुनेचा वजिराबाद ते ओखला हा टप्पा अवघा २२ किलोमीटरांचा. पण नदीचे बहुतांश प्रदूषण तेथेच होते. ‘आय वॉज नॉट वेव्हिंग बट ड्राउनिंग’ (२००५) या छायाचित्रमालिकेत भल्ला स्वतः यमुनेत उतरून पाण्याखाली जातात. ‘यमुना वॉक’साठी (२००७) ते नदीच्या काठाने चालले. दिल्लीतल्या प्याऊंची, म्हणजे आपल्या पाणपोयांचीही त्यांनी छायाचित्रे घेतली. प्रदूषणाचा आकडा ते अंगावर घेतात, हे या कामाचे बळ. मर्यादा माध्यमाची आहे. छायाचित्राला वास नसतो, आणि कलादालनाच्या भिंतीवर मेलेले पाणीही देखणे दिसते. म्हणून मला पाणपोयांची मालिका अधिक मोलाची वाटते. पाणपोई म्हटली की पाणी देणारा आणि पिणारा हे नाते समोर येते. तेथे पाणी नुसते दृश्य राहत नाही.

दुसऱ्या नवज्योत अल्ताफ. मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकलेल्या नवज्योत १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून बस्तरमधील कोंडागावात राजकुमार, शांतीबाई, गेस्सूराम या स्थानिक कलावंतांसोबत काम करीत आल्या. त्यातून ‘नलपार’ उभे राहिले. ही हातपंपाभोवतालची रचना. सांडपाण्याला वाट, थोडा आडोसा, भिंतींवर आकृत्या, आणि मुख्य म्हणजे भांडे टेकवायला मधले टप्पे. मराठी कानाला या नावात वडाचा पारही ऐकू येतो, आणि तो ऐकू यावा असेच हे ठिकाण आहे.

पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो पाणी. तो जमिनीवरून थेट डोक्यावर घेताना कंबर मोडते. नाहीतर हात लावायला दुसरी बाई लागते. मधला टप्पा असला की हंडा आधी कमरेइतका, मग डोक्याइतका चढतो. अमेरिकन अभ्यासक ग्रँट केस्टर यांनी या कामाची दखल घेताना भर दिला तो सहभागावर आणि संवादावर. तो योग्यच आहे. पण संवाद चांगला झाला म्हणून शिल्प चांगले होत नाही. माझ्या मते नलपारचा शिल्पगुण त्या उंचीत आहे. शिल्पकार शरीराचे प्रमाण अभ्यासतो. येथे ते प्रमाण ओझे उचलणाऱ्या बाईचे आहे.

यावर एक आक्षेप येईल : हे तर गवंडीकाम, एखादा सरकारी अभियंताही करील. करू शकेल, हे खरे. पण गावोगावच्या हातपंपांचे सिमेंटचे ओटे पाहा. पाणी उपसण्याचा विचार त्यांत आहे, ते उचलण्याचा नाही. पाणी भरणे हे बाईचे काम आणि म्हणून ते मोजायचेच नाही, ही सवय त्या ओट्यांत मुरलेली आहे. तिच्याकडे लक्ष वेधणे हे कलेचेच काम होय.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. भूजल आटले, तर कितीही सुबक नलपार कोरडाच राहणार. ओझे हलके करणारी कला पाण्याच्या उगमाबद्दल गप्प राहू शकते. तेथे भल्लांचे नदीत उतरणे पुन्हा आवश्यक ठरते. नवज्योत यांनाही हे जाणवले असावे. छत्तीसगडमधील खाणकामाकडे त्यांचे नंतरचे व्हिडिओकाम वळले, ते उगाच नव्हे.

तरीही दोहोंत निवड करायची झाली, तर मी नलपारच्या बाजूने उभा राहीन. तो दालनात नेता येत नाही. तेथे फार तर त्याचे छायाचित्र जाते. त्याची खरी समीक्षा रोज सकाळी हंडा भरणारी बाई करते, आणि ती पुढच्या खेपेला हंडा त्या टप्प्यावर ठेवते की नाही, यातच तिचा अभिप्राय असतो.