हृदयगती परिवर्तनशीलता आणि खेळाडूंचे मूल्यमापन : थळ परिसराच्या संदर्भात एक चिकित्सा

खेळाडूंच्या प्रशिक्षणातील प्रगती जोखण्यासाठी हृदयगती परिवर्तनशीलता हा निकष मनगटी उपकरणांमुळे आता महाविद्यालयाच्या मैदानापर्यंत पोहोचला आहे. मिनिटाला 60 ठोके पडणाऱ्या हृदयाचे दोन ठोके नेमक्या एका सेकंदाच्या अंतराने पडत नाहीत. श्वास घेताना हे अंतर घटते, सोडताना वाढते. विश्रांतीतील हा चढउतार प्रामुख्याने व्हेगस चेतातंतूच्या नियंत्रणाखाली असल्याने शरीर श्रमातून कितपत सावरले, याची ती खूण मानली जाते. मोजमापाचे निकष युरोप व उत्तर अमेरिकेतील तज्ज्ञांच्या संयुक्त कृतिगटाने 1996 मध्ये निश्चित केले. किव्हिनिएमी व सहकाऱ्यांच्या 2007 मधील अभ्यासात रोजच्या नोंदीनुसार सरावाची तीव्रता ठरविणाऱ्या गटाची प्रगती ठरावीक वेळापत्रक पाळणाऱ्या गटापेक्षा सरस ठरली. मात्र तो प्रयोग अवघ्या चार आठवड्यांचा होता, हे विसरता कामा नये.

प्रस्तुत लेखकाचा आक्षेप मोजमापाला नसून त्याच्या वापराला आहे. ही संख्या व्यक्तिसापेक्ष आहे. समान वेगाने धावणाऱ्या दोन विद्यार्थ्यांत ती दुपटीने भिन्न असू शकते. त्यामुळे एका सकाळच्या आकड्यावरून संघनिवड करणे शास्त्राला धरून नाही. शिवाय मिनिटाला सहा श्वास इतक्या संथ लयीत श्वसन केल्यास आकडा तात्काळ वाढतो. तंदुरुस्ती तसूभरही वाढलेली नसते. (प्राणायाम शिकलेला चतुर विद्यार्थी उपकरणाला सहज चकवील.) उलटपक्षी, विश्रांतीतील नाडी अतिशय मंद असलेल्या कसलेल्या धावपटूत तयारी उत्तम असतानाही आकडा घसरू शकतो.

अलिबाग तालुक्यातील थळसारख्या किनारी गावात हा प्रश्न अधिक तीव्र होतो. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत पुरुष उमेदवारांना 1600 मीटर, तर महिलांना 800 मीटर धावावे लागते. कोळी कुटुंबातील एखादा तरुण त्यासाठी पुळणीवर सराव करतो आणि रात्री वडिलांसोबत बोटीवरही जातो, अशी कल्पना करू. पावसाळी मासेमारीबंदी उठताच त्याची झोप तुटते, घामावाटे पाणी जाते आणि सकाळचा आकडा खाली येतो. प्रशिक्षक तो अतिसरावाचा परिणाम समजून धावणे कमी करतो. वस्तुतः भार मैदानावरचा नसून जाळ्याचा असतो. उपकरण भार दाखविते, त्याचा उगम दाखवीत नाही. बंदीच्या काळात काढलेली सरासरी नंतरच्या महिन्यांस लावणे म्हणूनच सदोष होय. या घोळात भरतीपूर्वीचे मोलाचे आठवडे वाया जाऊ शकतात.

उठल्याबरोबर, एकाच आसनात, नैसर्गिक श्वसनात घेतलेली नोंद आणि तिची सात दिवसांची सरासरी एवढेच यातून विश्वसनीयपणे घेता येते. छातीच्या पट्ट्याची नोंद मनगटी घड्याळापेक्षा सामान्यतः अधिक काटेकोर असते. त्या नोंदीशेजारी झोपेचे तास, आजारपण आणि बोटीवरील रात्री लिहिण्यास साधी वही पुरते. 1600 मीटरची वेळ मात्र स्टॉपवॉचवरच घ्यावी.